चपला कुठे काढायच्या?

बंगल्याला डेक हवाच असं हल्ली ज्यांना वाटतं, त्यांच्यापैकी निम्म्यांना डेकवर बसायचं असतं आणि निम्म्यांना तो दाखवायचा असतो. बागेचंही तसंच. फक्त बागेच्या बाबतीत तिसरा एक पक्ष असतो, घरातली वडीलधारी बाई. तिला बागेत बसायचं नसतं आणि बाग कुणाला दाखवायचीही नसते. तिला फोडणी पडायच्या आत तिथून कढीपत्ता आणायचा असतो. या तिन्ही पक्षांचं एकाच मोकळ्या जागेत सरकार बनवणं, याला लँडस्केप डिझाइन म्हणतात.

माझ्या आतेभावाने तळेगाव दाभाड्याला बंगला बांधला. घराच्या पूर्वेला सहाशे-साडेसहाशे चौरस फूट जागा मोकळी राहिली. मोकळी जागा मोकळी राहू द्यायला खरं तर काही हरकत नसते. पण प्लॉट चौरस फुटाच्या भावाने घेतला असला की रिकामी जमीन डोळ्यांत खुपायला लागते. आतेभावाला तिथे डेक हवा होता. वहिनींना लॉन आणि लॉनच्या कडेने फुलझाडं. चिरंजीवांना ‘फायर पिट’, म्हणजे ज्याला त्याची आजी शेगडी म्हणते ते. आणि त्या आजीला, म्हणजे माझ्या आत्याला, तुळस, अळू, गवती चहा, कढीपत्ता आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालायला जागा. मला मताधिकार नव्हता, त्यामुळे मी सगळ्या बैठकांना आनंदाने हजर राहिलो.

डिझायनर मुलगी हुशार होती. तिने लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं. डेकवर वेताच्या खुर्च्या, पलीकडे हिरवळ, हिरवळीवर सोनेरी केसांचा एक कुत्रा आणि डेकच्या मधोमध हातात कप घेऊन उभी असलेली एक उंच बाई.

“ही कोण?” आत्याने विचारलं.

“ती फक्त स्केलसाठी आहे, आजी. अंदाज यावा म्हणून.”

“असू दे. पण ती चपला घालून आलीये.”

आम्ही सगळे हसलो. डिझायनरने बाईच्या पायांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. टाचांचे बूट होते. ती बाई हिरवळीवरून आली होती आणि आता त्याच बुटांनी सरळ दिवाणखान्यात जाणार होती, कारण काचेचं दार सताड उघडं होतं. हसणं ओसरल्यावर मला जाणवलं, की या सगळ्या प्रकल्पातला एकमेव खरा प्रश्न आत्याने पहिल्याच दिवशी विचारून टाकला होता आणि बाकीचे सगळे त्याच्या उत्तराकडे फार लांबच्या रस्त्याने निघाले होते. आपल्या घराला आत आणि बाहेर कळतं. मध्ये उंबरठा असतो, त्याच्या अलीकडे चपला निघतात, विषय संपतो. डेक हे आत की बाहेर? आत म्हणावं तर त्यावर पाऊस पडतो. बाहेर म्हणावं तर त्यावर गाद्या घातलेल्या असतात.

पण आधी दिशेवरून वाजलं. आतेभावाचं म्हणणं, डेक पश्चिमेला करू, तिथून डोंगर दिसतात, सनसेट दिसेल. पश्चिमेला कुंपणापर्यंत जेमतेम दहा फूट जागा, पण डोंगर दिसत होते हे खरं. डिझायनरने शांतपणे सांगितलं, की पश्चिमेची भिंत दुपारी दोनला तापायला लागते ती रात्रीच्या जेवणापर्यंत निवत नाही. पावसाळ्यात वारा येतो नैऋत्येकडून, त्यामुळे पाऊसही त्याच बाजूने झोडपतो. लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस पुण्याला पोचेपर्यंत सातशेच्या घरात येतो हे ठीक, पण तळेगाव वाटेवरच आहे. तिथून जाताना तो काही हात आखडता घेत नाही. “मोठी छत्री लावू की,” आतेभाऊ म्हणाला. छत्रीची गंमत अशी, की मेच्या मध्यावर आपल्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी बरोब्बर माथ्यावर येतो तेव्हा तिची सावली टेबलावर पडते. पण त्या वेळी टेबलापाशी कुणीही शहाणा माणूस नसतो. चार वाजता, चहाच्या वेळी, तीच सावली तिरपी होऊन घराच्याच भिंतीवर जाते. पूर्वेला डेक केला, तर दुपारनंतर अख्खं घरच त्यावर सावली धरून उभं राहतं, आणि पुढच्या बागेला सकाळचं ऊन मिळतं ते मिळतंच.

“सगळं खरं, पण सनसेट?”

“सनसेटला तू असतोस कुठे?” वहिनींनी विचारलं.

सूर्य मावळताना आतेभाऊ हिंजवडीच्या सिग्नलला असतो. डेक पूर्वेला झाला.

मग प्लंबर आला. त्याने थ्रीडी चित्र पाहिलं नाही, ना बाई पाहिली ना कुत्रा. कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत त्याने एकच विचारलं, “चेंबर कुठे आहे?” शोधाशोध झाली. ड्रेनेजचं चेंबर प्रस्तावित सोफ्याच्या बरोबर खाली निघालं. लाइन हलवावी तर उतार मिळेना. शेवटी डेकमध्ये उचलता येईल अशी झडप करायची ठरली. आज त्या घरात पाहुण्यांना बसवायची सगळ्यात मानाची जागा आणि सांडपाण्याचं तोंड यांत फक्त एका फळीचं अंतर आहे. पाहुण्यांना ते सांगत नाहीत. बागेचा आणि डेकचा आराखडा काढणाऱ्या कुणालाही मी हल्ली सांगतो, आधी चेंबर बघा, मग नळ, मग उतार. उरलेल्या जागेत सौंदर्य बसवा. कुणी ऐकत नाही, कारण चेंबरचा फोटो चांगला येत नाही.

पातळीवरूनही बराच खल झाला. डिझायनरला घराची फरशी, डेक आणि हिरवळ एका सपाटीत हवी होती, नजर कुठे अडायला नको म्हणून. गवंडी मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून म्हणाले, “म्याडम, नजर नाय अडणार. पयल्या पावसात बेडूक पण नाय अडणार, डायरेक हॉलमध्ये.” शेवटी डेक फरशीपेक्षा दोन इंच खाली, माती डेकपेक्षा सहा इंच खाली, आणि डेकखालच्या कोब्याला शंभराला एक असा घरापासून दूर जाणारा उतार, यावर तह झाला. शिवाय डेक आणि वाफा यांच्यामध्ये दीड फुटाची गोट्यांची पट्टी. ही पट्टी म्हणजे त्या मुलीच्या हुशारीचा खरा पुरावा. पाऊस मातीवर पडला की चिखलाचे शिंतोडे वर उडतात. गोट्यांवर पडला की नुसतं पाणी उडतं. डेकची कड कोरडी राहते, आणि वाळवीने मातीतून वर यायला रस्ता बांधलाच तर तो उघड्यावर दिसतो. बाग आणि डेक यांचं पटवून द्यायचं असेल, तर दोघांना एकमेकांपासून दीड फूट लांब ठेवावं. काही सासू-सुनांनाही हे अंतर मानवतं.

लाकडासाठी पुण्यात टिंबर मार्केटला जाणं झालं. तिथल्या एका दुकानदाराने सागवानापासून सुरुवात केली. मग ब्राझीलचं आइप दाखवलं, इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. आतेभावाने किंमत विचारली आणि तोही बुडाला. मग वाफेत दोनशे अंशांच्या आसपास शिजवून काढलेलं पाइन. आणि शेवटी डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून साच्यातून दाबून काढलेल्या फळ्या. “झीरो मेंटेनन्स, साहेब. पॉलिश नको, तेल नको, वाळवी तोंड लावत नाही.” झीरो मेंटेनन्स या शब्दाने मराठी माणूस विरघळतो. त्याचा दुसरा अर्थ, की बिघडलं तर दुरुस्तही करता येत नाही, हा विरघळून झाल्यावर कळतो. दारात उन्हात पडलेल्या नमुन्याच्या फळीवर आत्याने तळहात टेकला आणि लगेच उचलला. भट्टीसारखी तापली होती.

“हीच घ्या,” ती म्हणाली. “पापड सुरेख वाळतील.”

निवड झाली. डेक मालकाचा असला तरी त्याचं साहित्य पापडांच्या सोयीने ठरलं, याचा आतेभावाला आजवर पत्ता नाही. त्याला अजूनही वाटतं की आपण युरोपातल्या पद्धतीने विचार केला.

या फळ्या उन्हाने वाढतात, म्हणून दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवावी लागते. पाणीही तिथून खाली जातं. पाण्याबरोबर आणखी काय काय जातं, ते झडप पहिल्यांदा उघडली तेव्हा कळलं. वहिनींच्या कानातल्याची फिरकी, दहाची दोन नाणी, पत्त्यांतली इस्पिकची सत्ती, आत्याच्या बीपीच्या गोळ्या (या पडल्या की टाकल्या, यावर घरात एकमत नाही) आणि ओळीने बसलेले तीन बेडूक. ते बेडूक आमच्याकडे असं बघत होते, की आम्ही दार न वाजवता आलो आहोत.

आत्याचं माहेर राजापूरकडचं. तिला या सगळ्याचं नवल नव्हतं, उलट थोडी कीवच येत होती. “आमच्याकडे खळं होतं,” ती म्हणायची. कोकणातल्या जुन्या घरापुढे खळं, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. पाऊस संपला की खळं खणून, नवी माती घालून, पाणी मारून चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं, वर मांडव घालायचा, त्यावर माडाची झापं. मेअखेर मांडव उतरवायचा आणि खळं पावसाच्या स्वाधीन करायचं. म्हणजे दर साली डेक नवा, आणि जुन्याचं काय झालं हे विचारायला कुणी जात नाही. बसायला तीच जागा, भात झोडायला तीच, आमसुलं वाळवायला तीच, लग्नाची पंगतही तिथेच. त्याच्या कडेला तुळस, आणि तिच्या पलीकडे बाग सुरू. बागेतून आलेला माणूस पायरीपाशी थांबायचा. तिथे एक सपाट दगड आणि पाण्याने भरलेली कळशी. पाय धुवायचे, मग वर. हे ऐकून डिझायनरने वहीत लिहून घेतलं, ‘वॉटर फीचर’.

झाडांच्या खरेदीला मी गेलो नव्हतो, पण फळं भोगली. वहिनींना डेकवर झुकणारा प्राजक्त हवा होता: पहाटे उठावं, फुलांचा सडा, त्यात आपण. सडा पडतो यात शंका नाही. मात्र त्या फुलांच्या केशरी देठांचा पूर्वी कापड रंगवायला उपयोग करत, आणि फळीला किंवा खुर्चीवरच्या गादीला हे देठ आपला पूर्वीचा धंदा विसरलेत असं दाखवत नाहीत. त्यामुळे प्राजक्त गोट्यांच्या पट्टीपलीकडे, हाताच्या अंतरावर गेला. शेवग्याची आत्याला हौस होती, पण पावसाळ्यात त्याच्या खोडावर जमणारे केसाळ सुरवंट ज्याने एकदा पाहिलेत, तो शेवग्याखाली खुर्ची टाकत नाही. शेवगा पार मागच्या कोपऱ्यात. जांभळाचं नाव निघताच आतेभावाने कानांवर हात ठेवले, कारण जूनमध्ये पडलेल्या जांभळाला झीरो मेंटेनन्स माहीत नसतं. डेकच्या अगदी जवळचा मान मिळाला वेलणकर सोनचाफ्याला. कलमी असल्याने लहान वयात फुलतो, फुलं वेचता येतात, वास दिवाणखान्यापर्यंत येतो आणि डाग पडत नाही. जावई असाच असावा, असं वहिनी म्हणाल्या. चिरंजीव आणि त्यांच्या बापाने एकमेकांकडे पाहिलं.

तांबड्या मातीचा ट्रक आला, त्यातून लव्हाळाही आला. लॉनचे गालिचे अंथरून झाले आणि पंधरवड्यात गालिच्यातून लव्हाळ्याची पाती वर. आता दर रविवारी वहिनी छोटं खुरपं घेऊन उकिडव्या बसतात. लव्हाळ्याला खाली गाठी असतात. पातं ओढलं तर पातं हातात येतं आणि गाठ खाली हसत राहते. कढीपत्ताही असाच निघाला. त्याच्या मुळांपासून फुटलेली पिल्लं वाफा सोडून गोट्यांतून उगवली. आत्याने ती उपटू दिली नाहीत.

गच्चीवर किंवा टेरेस फ्लॅटमध्ये हेच करू पाहणाऱ्यांसाठी जाता जाता एक हिशेब. दहा बाय दहा फुटांत फूटभर माती टाकली, तर ओली झाल्यावर तिचं वजन पाच टनांच्या आसपास जातं. आणि वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला भार आहे चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो, म्हणजे तेवढ्याच जागेला दीड टनाच्याही आत. शंभर चौरस फुटांची हिरवळ वर आणि खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी खाली, हे समीकरण जुळत नाही. मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरातल्या गच्चीवरची शेती रुजवताना मातीऐवजी मुख्यतः उसाच्या चिपाडांवर भिस्त ठेवली, ती उगाच नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून मोठी बाग उभी राहिली, तीही मातीचे ट्रक वर चढवून नाही. तिथे डेक करावा असं कुणाला वाटलं नाही. त्यांना तिथे काम होतं.

असो. डेक झाला, बाग झाली, आणि आत्याचा प्रश्न जिथल्या तिथे. तापलेल्या डेकवर अनवाणी चालवेना, म्हणून डेकवर चपला आल्या. त्याच पायांत घालून बागेत गेलं तर डेकवर चिखलाचे ठसे. म्हणून बागेच्या निराळ्या. डेकच्या घालून घरात येऊ द्यायला आत्या तयार नाही; म्हणून घरातल्या स्लिपर निराळ्या. चार माणसं, माणशी तीन जोड. कढीपत्त्याच्या चार पानांसाठी आत्याला जाता-येता चारदा चपला बदलाव्या लागतात, आणि तोवर मोहरी जळते. चपलांसाठी डेकवर रॅक आला, आणि जिथून बाग सगळ्यात छान दिसते बरोबर तिथे तो उभा राहिला, कारण दार तिथेच आहे. सोफ्यावर बसलं की समोर आधी चपला, मग त्यांच्या वरच्या कप्प्यातून सोनचाफा.

पाहुणे आले की खरी मजा. काचेच्या दारात येऊन पाहुणा थबकतो. पलीकडे डेक, त्याच्या पायांत मोजे.

“बूट घालू का परत?”

“नको नको, या तसेच.”

तो मोज्यांनी पाऊल टाकतो आणि चटका बसून दुसरं उचलतो.

“अहो, घाला घाला बूट. काही नाही त्यात.”

तो पुढच्या दारापर्यंत जाऊन बूट आणतो. आणताना हातात उलटे धरतो, तळवे वर, म्हणजे तळाला काही लागलेलं नाही हे सगळ्यांना दिसावं. आतेभाऊ तोंडाने “अहो, कशाला एवढं” म्हणत असतो आणि डोळ्यांनी तळवे तपासत असतो. मग कुणीतरी म्हणतं, “चला, बाग बघू.” पाहुणा पुन्हा थबकतो. बागेच्या चपला घरच्यांच्या मापाच्या आहेत. पाहुणा पाहुणचार म्हणून वहिनींच्या गुलाबी चपलांत टाच बाहेर ठेवून लॉनभर फिरतो, झाडांची नावं विचारतो, “वा, वा” म्हणतो. परत येताना गोट्यांवर पाय पुसावा की नाही, याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतो. आणि मग सगळेजण आत जाऊन चहा घेतात, कारण सहा वाजलेले असतात आणि डास आलेले असतात.

एकच माणूस मी असा पाहिला, ज्याला यातलं काही विचारावं लागत नाही. त्यांचे माळीमामा. बागेतून आले की गोट्यांच्या पट्टीपाशी थांबतात, एक चप्पल काढून तिच्यावर दुसरी पालथी ठेवतात, धोतराच्या सोग्याने पाय झटकतात आणि खांद्यावर कुंडी घेऊन तापलेल्या डेकवरून टाचांवर तुरुतुरु चालत पलीकडे जातात. “मामा, चपला घालून या की,” असं वहिनी दर वेळी म्हणतात. “राहू द्या ताई, घरात कशाला,” असं ते दर वेळी म्हणतात. म्हणजे डेक आत की बाहेर, याचा निकाल त्यांनी परस्पर लावलेला आहे.

शेवटी आत्याने एका दुपारी, आतेभाऊ ऑफिसात असताना, प्लंबरला फोन केला. गोट्यांच्या पट्टीच्या टोकाला, डिझायनरच्या नकाशात जिथे काळ्या दगडाचं कारंजं होतं (ते बजेटमध्ये बसलं नाही), तिथे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक साधा पितळी नळ बसला. खाली बांधकामातून उरलेली एक खडबडीत शहाबादी फरशी. पाणी गोट्यांतून सरळ अळूच्या वाफ्यात जातं, आणि अळूची पानं आता सुपाएवढी झाली आहेत. बागेच्या चपला तिथेच खाली राहतात, पाय धुऊन वर यायचं, ओल्या पायांना फळ्या तितक्या भाजत नाहीत. रॅक गेला. आतेभावाने नळ पाहिला, किती खर्च आला विचारलं, आकडा ऐकून गप्प बसला, आणि त्या संध्याकाळी पायजमा वर धरून दोनदा पाय धुऊन आला.

गेल्या महिन्यात शेजारचं जोडपं हे सगळं बघायला आलं. त्यांच्याही प्लॉटवर तेवढीच जागा आहे. त्यांनी फळ्यांना हात लावून पाहिला, लॉनचं नाव विचारलं, डिझायनरचा नंबर घेतला, दिव्यांचे फोटो काढले. आतेभाऊ युरोपवर बोलत होता. मग त्या बाई सोफ्यावर, बरोबर त्या मानाच्या जागेवर, बसल्या आणि आत्याला म्हणाल्या, “काकू, आम्ही पण करणारच आहोत. सुरुवात कशी करावी हो?”

आत्याने पापड उलटता उलटता मान वर केली.

“तुमचं चेंबर कुठे आहे?”